हस्तर कोकणात कसा आला

१९८४ साली ‘वीअर्डबुक’ नावाच्या एका छोट्या अमेरिकी मासिकात स्टीफन किंगची ‘ग्रॅमा’ ही कथा छापून आली. अकरा वर्षांचा जॉर्ज घरी एकटाच आहे. थोरल्या भावाचा पाय मोडला म्हणून आई इस्पितळात धावली आहे. आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली, अवाढव्य देहाची आजी पडून आहे. ती एके काळी चेटूक करायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक असलं तरी कुणी त्याबद्दल बोलत नाही. त्या संध्याकाळी आजी मरते आणि नंतर उठून बसते. फोनवर असलेली मावशी घाबरलेल्या भाच्याला एकच उपाय सांगते: हस्तुरच्या नावानं तिला आज्ञा कर, म्हणजे ती निजून राहील.

२०१८च्या ऑक्टोबरात ‘तुंबाड’ चित्रपट लागला. त्याची सुरुवात १९१८ सालच्या कोकणात होते. धाकटा भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन जाते आणि थोरला विनायक मागे राहतो. घरातल्या कोठडीत साखळदंडांनी बांधलेली, माणूसपण उरलेलं नसलेली एक म्हातारी आहे. तिला कह्यात ठेवायला आईनं मुलाला एक नाव देऊन ठेवलं आहे, हस्तरचं. ते ऐकताच म्हातारी झोपते.

दोन्ही प्रसंगांचं नातं उघड आहे आणि ते कुणी लपवलेलंही नाही. मला त्यांच्या मधला रस्ता सांगायचा आहे. एक उसना, परक्या मातीतला आणि फारसा कुणाला माहीत नसलेला राक्षस नारायण धारपांच्या कथेवाटे मराठी मुलखात आला आणि इथं इतका रुजला, की आज अनेकांना तो आपल्याच एखाद्या विसरल्या गेलेल्या पुराणातला वाटतो. हे आपोआप घडलं नाही. त्यामागे एका दिग्दर्शकाची वीसहून अधिक वर्षं आहेत.

या नावाचा उगम कोणत्याही भयकथेत नाही. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातला पत्रकार आणि कथाकार अँब्रोस बिअर्स यानं हाईता नावाच्या मेंढपाळाची एक रूपककथा लिहिली. तिच्यातला हस्तुर हा मेंढपाळांचा सौम्य देव होता. सकाळी त्याची प्रार्थना करायची आणि मेंढरं रानात न्यायची. १८९५ मध्ये रॉबर्ट चेंबर्सनं ‘द किंग इन यलो’ या संग्रहासाठी हे नाव उचललं आणि ते कधी एखाद्या जागेला तर कधी एखाद्या माणसाला चिकटवलं. नेमका अर्थ सांगायचं त्यानं टाळलं, आणि त्या मोघमपणामुळेच नावाभोवती पहिल्यांदा भीती जमू लागली. पुढे एच. पी. लव्हक्राफ्टनं १९३१ साली ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात आलेल्या कथेत त्याचा ओझरता उल्लेख केला. त्याचा चाहता ऑगस्ट डर्लेथ यानं १९३९ मध्ये त्याच मासिकात हस्तुर परत येतो अशी कथा लिहून त्याला पूर्ण राक्षस करून टाकलं. विश्वाच्या आरंभापासूनचा, कैदेत पडलेला आणि नाव घेऊ नये असा हा राक्षस झाला. मेंढपाळाच्या देवाला तिथवर पोचायला पन्नासेक वर्षं लागली.

‘वीअर्ड टेल्स’सारखी मासिकं स्वस्त, खरखरीत कागदावर निघायची. सभ्य घरांत त्यांना मान नव्हता. १९५०च्या दशकात त्यांचा वारसा भयकथांच्या कॉमिक्सनी चालवला. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’सारखी कॉमिक्स मुलं चोरून वाचत. पालक आणि धर्मगुरू इतके बिथरले की १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली आणि ती कॉमिक्स बंद पडली. १९४७ साली जन्मलेला स्टीफन किंग याच वाचनावर वाढला होता. १९८२चा ‘क्रीपशो’ हा चित्रपट त्यानं त्या कॉमिक्सना मानवंदना म्हणूनच लिहिला. ‘ग्रॅमा’मध्ये त्यानं हस्तुरला घरातल्या आतल्या खोलीत, आजीच्या उशाशी आणून बसवलं. तोवर हा राक्षस तारे आणि अवकाश यांच्यातच वावरत होता. किंगनं त्याला घरगुती केलं, आणि माझ्या मते आपल्याकडे यायचं दार त्यामुळेच उघडलं. अवकाशातल्या आदिम शक्तींचं भय मराठी वाचकाला परकं वाटलं असतं. आजारी आजी असलेल्या खोलीचं तसं नाही.

ते दार उघडणारे नारायण धारप. जन्म १९२५चा, शिक्षण रसायन तंत्रज्ञानाचं, काही वर्षं नोकरीनिमित्त आफ्रिकेत. नंतर त्यांनी शंभरावर पुस्तकं लिहिली. पाश्चात्त्य भयकथा त्यांनी मन लावून वाचल्या होत्या आणि त्यांतलं जे भावलं ते मोकळेपणी मराठीत आणलं. ‘लुचाई’ किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून आणि ‘शपथ’ त्याच्या ‘इट’वरून आली, हे त्यांच्या वाचकांना ठाऊक असतं. ‘ग्रॅमा’वरून त्यांनी ‘आजी’ लिहिली.

या आणण्याला नुसती नक्कल म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मूळ ऋण जिथं आहे तिथं ते स्पष्ट सांगायलाच हवं. पण धारपांनी जे काम केलं ते सोपं नव्हतं. त्यांच्या कथांतली माणसं पेन्शनीत निघालेली, बदलीच्या गावी घर शोधणारी, जुनी वास्तू स्वस्तात मिळाली म्हणून खूश होणारी आहेत. वाक्यं साधी, जवळजवळ कोरडी. रात्रीची पावलं ऐकू येण्याआधी चहा होतो, दाराची कडी लावली जाते, दिवा मालवला जातो. त्यामुळे पुढचं अघटित खरं वाटतं. ‘समर्थ’ मालिकेतून त्यांनी दुष्टाशी लढणारा माणूसही उभा केला, आणि मराठी वाचकाला तो फार हवासा वाटला.

ही पुस्तकं विकत घेणारे थोडे होते. ती फिरली वाचनालयांतून. गोराईत राहणाऱ्या माझ्यासारख्या मुलांना त्यासाठी होडीनं खाडी ओलांडून बोरिवलीला यावं लागे. बाइंडिंग उसवलेलं, आधीच्या वाचकांनी समासात इशारे लिहून ठेवलेलं धारपांचं पुस्तक घेऊन परतीच्या होडीत बसायचं आणि अंधार पडायच्या आत जेवढं होईल तेवढं वाचून घ्यायचं. मुंबईची उपनगरं, पुणं, ठाणं, कोकणातली तालुक्याची गावं, सगळीकडे हा वाचक होता. समीक्षेनं मात्र त्या काळी या लेखनाकडे फारसं लक्ष दिलं नाही.

सिनेमाची स्थिती आणखी वेगळी होती. हिंदीत रामसे बंधूंनी १९७२च्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून भयपटांचा स्वतःचा बाजार उभा केला होता. ‘पुराना मंदिर’ १९८४ मध्ये आला आणि खूप चालला. त्याची हवेली म्हणजे मुरुडचा नबाबाचा राजवाडा. पण त्या चित्रपटांतलं कोकण फक्त मागचा देखावा होतं. तिथल्या जमिनीचा, माणसांचा, कूळ आणि मालक यांच्या नात्याचा त्या भुताशी काही संबंध नसायचा. मराठीत १९९३ साली महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ आला. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचूचा बाहुला घराघरांत पोचला, आणि मुलं त्याला घाबरत घाबरत हसली. तो चित्रपट मला आजही आवडतो. पण त्याच्या यशामुळे एक समजही पक्का झाला असावा, की मराठी माणसाला पडद्यावरचं भूत विनोदाची जोड असेल तरच पचतं. धारपांचं गंभीर भय पुस्तकातच राहिलं.

त्याच वर्षी, १९९३ मध्ये, विदर्भातल्या नागझिरा अभयारण्यात एका मुलानं आपल्या मित्राला रात्री धारपांची एक गोष्ट सांगितली. ऐकणारा मुलगा म्हणजे राही अनिल बर्वे. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ आणि ‘हमीदाबाईची कोठी’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचा मुलगा. गोष्टीनं तो पुरता हादरला. पुढे काही वर्षांनी त्यानं धारपांची मूळ कथा मिळवून वाचली, तेव्हा मात्र त्याची निराशा झाली, असं त्यानं मुलाखतींत सांगितलं आहे. जंगलात ऐकलेलं भय छापील पानावर नव्हतं. ते सांगणाऱ्या मित्राच्या सांगण्यात होतं.

या सगळ्या प्रवासातला हा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. किंगकडून धारपांकडे गोष्ट आली ती पुस्तकातून. धारपांकडून बर्व्यांकडे आली ती तोंडून, रात्री, रानात, सांगणाऱ्यानं आपलं घालून वाढवलेली. आपल्याकडे भुताच्या गोष्टी अशाच तर पसरल्या. मुंज्या, खवीस, हडळ यांची गावोगावी वेगळी रूपं आहेत, कारण प्रत्येक सांगणारा आपल्या गावचा पार आणि आपली विहीर त्यात आणतो. हस्तर छापील कथेतून सुटून या तोंडी वाटेला लागला, तिथं तो अर्धा आपला झाला.

१९९७ मध्ये, विशीही न ओलांडलेल्या बर्व्यांनी पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. नाव घेतलं श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. १९८७ साली दोन खंडांत आलेली ही कादंबरी एका खोत घराण्याच्या पिढ्यांची कहाणी सांगते. खेड तालुक्यात जगबुडी नदीकाठी तुंबाड नावाचं गाव खरोखर आहे. चित्रपटाची कथा पेंडशांची नाही. पण नावाबरोबर खोतांची आठवण आली, वाडा आला, आणि पिढ्यानपिढ्या वाढत जाणारी हावही आली.

मग सुरू झाली वणवण. एकामागून एक निर्माते आले आणि गेले. २००८ मध्ये काम उभं राहिलं होतं. मुख्य भूमिकेत तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला नवाजुद्दीन सिद्दीकी होता. निर्मात्यानं ऐनवेळी अंग काढून घेतलं आणि सगळं थांबलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नारायण धारप वारले. बर्व्यांचा ‘मांजा’ हा कृष्णधवल लघुपटही त्याच वर्षीचा. तो डॅनी बॉयलला इतका आवडला की त्यानं तो ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ब्लू-रे चकतीवर घातला. कौतुक मिळालं तरी ‘तुंबाड’ला पैसे मिळाले नाहीत.

२००९-१०च्या दरम्यान बर्व्यांनी चित्रपटाचा ७०० पानांचा स्टोरीबोर्ड तयार केला. चित्रीकरणाआधी दृश्यांची चौकटीचौकटीनं रेखाटनं करण्याची पद्धत नवी नाही, पण ७०० पानं म्हणजे जाडजूड चित्रकथाच. कॉमिक्सच्या आणि स्वस्त मासिकांच्या दुनियेतून आलेला हा राक्षस पडद्यावर येण्याआधी पुन्हा एकदा कागदावरच्या चौकटींत राहून आला. चित्रपट पाहताना हे जाणवतं. वाड्याच्या भिंती, देवीच्या गर्भाचा लालसर मांसल आतला भाग, कंदिलाच्या उजेडाचं वर्तुळ, दोरावरून खाली उतरणारा माणूस ही दृश्यं आधी मनात पुरती बांधल्याशिवाय अशी येत नाहीत.

अखेर ‘शिप ऑफ थिसिअस’चे आनंद गांधी आणि सोहम शाह यांनी चित्रपट हाती घेतला. शाह निर्माता झाले आणि पडद्यावरचे मोठे विनायकरावही. २०१२ मध्ये चित्रीकरण झालं. संकलनात पाहिल्यावर मंडळींना कळलं की मनातलं पडद्यावर उतरलेलं नाही. पटकथा पुन्हा लिहिली गेली आणि मोठा भाग पुन्हा चित्रित झाला. ते काम मे २०१५ मध्ये संपलं. आदेश प्रसाद सहदिग्दर्शक होते, कॅमेरा पंकज कुमार यांचा. सासवडचा पुरंदरे वाडा चित्रपटातला तुंबाडचा वाडा झाला.

पाऊस खराच हवा, हा त्यांचा हट्ट होता आणि त्यापायी एकामागून एक पावसाळे गेले. इतका खर्च कशाला, असं कुणालाही वाटेल. कोकणपट्टीत, अगदी आमच्या गोराई-मनोरीपासून खाली सिंधुदुर्गापर्यंत, राहणाऱ्याला मात्र तसं वाटणार नाही. जूनपासून पुढे भिंतींना ओल चढते, लाकूड फुगतं, दारं नीट लागत नाहीत, कपडे वाळत नाहीत. घरातला अंधार दिवसाही जात नाही. चार महिने माणूस वस्तूंना सडण्यापासून वाचवत असतो. त्या पावसात वाडा उभा केला की भुताची निम्मी तयारी निसर्गच करतो. नळ्यांच्या पावसात हे आलं नसतं.

या मातीत बर्वे आणि त्यांच्या सहलेखकांनी जी दंतकथा पेरली ती पूर्णपणे नवी होती. समृद्धीच्या देवीचा पहिला आणि लाडका पुत्र हस्तर. आईचं सोनं त्यानं बळकावलं. धान्याला हात घालताच बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईनं त्याला मरू दिलं नाही, आपल्या गर्भात लपवलं. अट एकच: त्याची कधी पूजा होणार नाही, त्याचं नाव कुठल्या पोथीत राहणार नाही. तुंबाडच्या घराण्यानं त्याचं मंदिर बांधलं आणि देवांनी कोसळणारा पाऊस शाप म्हणून धाडला. हस्तरजवळ सोनं आहे, पण तो कायमचा भुकेला आहे. कणकेची बाहुली दाखवून त्याला भुलवायचं आणि त्याच्या लंगोटातली नाणी पळवायची, हा विनायकरावांचा धंदा.

डर्लेथच्या हस्तुरचंही नाव घ्यायचं नसे, तोही कैदेत होता. ही दोन लक्षणं थेट तिथून आली की गरजेतून नव्यानं सुचली, हे महत्त्वाचं नाही. इथं त्यांना कारण मिळालं, आणि ते कारण सोनं आणि धान्य हे आहे. अमेरिकी हस्तुरला माणसाशी देणंघेणं नाही. तो विश्वाएवढा मोठा आणि म्हणून भयंकर. तुंबाडचा हस्तर एका कुटुंबाचा आहे. तो बापाकडून मुलाकडे वारसा म्हणून जातो, आणि मुलाला शिकवताना बाप जितका आनंदी असतो तितका अंगावर काटा येतो.

काळाची निवडही विचारपूर्वक आहे. गोष्ट १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत घडते. कोकणात खोत सरकारसाठी सारा वसूल करायचा आणि मधल्या मध्ये कुळांना पिळायचा. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्यासाठी विधेयक मांडलं. ती पद्धत कायद्यानं गेली १९४९ मध्ये. चित्रपटात स्वातंत्र्य येतं तेव्हा विनायकरावांना पहिली काळजी पडते ती वाडा सरकारजमा होईल याची. ज्या व्यवस्थेत न राबता सोनं मिळत होतं ती संपत आली आहे, आणि शेवटच्या खेपेत जमेल तितकं ओरबाडायचं आहे. रामशांच्या हवेलीत जे नव्हतं ते इथं आहे: भूत आणि जमीन यांचं नातं.

२०१८ मध्ये व्हेनिसच्या ७५व्या चित्रपट महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ ‘तुंबाड’नं झाला, हा मान मिळालेला तो पहिला भारतीय चित्रपट. १२ ऑक्टोबरला तो भारतात प्रदर्शित झाला. आदल्या आठवड्यात ‘अंधाधुन’ लागला होता आणि पुढच्या आठवड्यात ‘बधाई हो’ येणार होता. पहिल्या दिवसांत प्रेक्षक तुरळक होते. पाहिलेल्यांनी इतरांना सांगितलं म्हणून तो तगला. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी यांसाठी तीन फिल्मफेअर मिळाली. त्यानंतर तो घरच्या पडद्यांवर गेला आणि तिथं, रात्री दिवे मालवून, हळूहळू त्याचा खरा प्रेक्षक तयार झाला. मूळ ‘ग्रॅमा’वर हॉलिवूडनंही २०१४ मध्ये ‘मर्सी’ नावाचा चित्रपट काढला होता. तो थिएटरांत न लागता थेट घरगुती पडद्यांवर आला आणि विसरला गेला.

‘तुंबाड’ हिंदीत आहे, याची खंत मला वाटते. विनायक, सदाशिव, वैदेही, पांडुरंग अशी माणसं, अनिता दाते आणि ज्योती माळशे यांच्यासारख्या अभिनेत्री, सासवडचा वाडा. यांनी मराठीत बोलायला हवं होतं. पण मराठी चित्रपटाच्या हिशेबात हा खर्च बसला नसता, हेही खरं. पुढे जून २०२४ मध्ये आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’ आला, तोही हिंदीत, आणि त्यानं देशात शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. कोकणातला पिंपळावरचा मुंज्या उत्तर भारतातल्या मुलांना ठाऊक झाला.

१३ सप्टेंबर २०२४ला ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरांत लावला गेला. सहा वर्षांपूर्वी जेवढी कमाई झाली होती तिच्यापेक्षा जास्त या दुसऱ्या खेपेत झाली. जुना चित्रपट दुसऱ्यांदा लावल्यावर पहिल्यापेक्षा जास्त चालावा, असं आपल्याकडे क्वचितच घडतं. पहिल्या वेळी शाळेत असलेली मुलं आता तिकीट काढून आली होती. सोहम शाह यांनी दुसऱ्या भागाची घोषणाही केली. बर्वे त्यात नाहीत. धारपांची पुस्तकं नव्या आवृत्त्यांत दुकानांत मिळतात, आणि चित्रपट पाहून ‘आजी’ शोधत येणाऱ्या वाचकाला तिथून मागे, किंगपर्यंत आणि बिअर्सच्या मेंढपाळापर्यंत, आता सहज जाता येतं.